रोशनीचा गुडघा

प्रेमानंद नगराळे एकोणीस वर्षांत माझ्यासंग एकदाही भांडला नाही, याचा मले अजून राग येते. ज्या दिवशी भांडाले पाहिजे होतं, त्या दिवशी तरी त्यानं तोंड उघडाचं होतं. चार शिव्या हासडल्या असत्या तं मी मोकळी झाली असती. पण तो पडला देवमाणूस. देवमाणसाच्या हाताखाली काम करून पाहा, मंग समजते जीव कसा घुसमटते ते.

मी देवकी. नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या अंगाले एका ट्रस्टचं सेंटर आहे. पाय गेलेल्या लोकायले तिथं नवा पाय करून देतात. झाडू-पोछा माझा, चहा माझा, रजिस्टरात नाव लिहिणं माझं, अन् पायाचे पट्टे मशीनवर शिवणंही माझंच. समोर मी त्याले प्रेमाभाऊ म्हणो, माघारी नुसतं प्रेमानंद. आता माघारीच बोलून राहिली.

त्याचा बाप धोंडबा कळमन्याच्या मार्केटात हमाल होता. ट्रक रिकामा करताना मागचा फाळका सुटला अन् डावा पाय मांडीतून कापावा लागला. प्रेमानंद तेव्हा दहावीत. कोण्या तरी शिबिरात बापाले पाय भेटला, पण त्या पायाले गुडघाच नव्हता, नुसता सरळ दांडका. विहारात वंदनेले सारे मांडी घालून बसत अन् धोंडबा मागं खुर्चीवर, पाय समोर लांब करून. पोट्टे त्या पायाले अडखळत. एक दिवस एक म्हातारी अडखळली, तिचा हात मोडला. त्यानंतर धोंडबा विहारात गेला नाही. पाय खुंटीले टांगला, तो मरेपर्यंत टांगलेलाच.

"माझ्या बापाले पाय भेटला देवकीबाई, पण बसणं नाही भेटलं," असं प्रेमानंद चहा पिता पिता हसून सांगे. मले काही हसू येत नव्हतं.

सेंटरमध्ये तो आला तो प्लास्टर कालवाले. पाहून पाहून सारं शिकला. डिग्री नाही, काही नाही. पण उरलेल्या मांडीवरून एकदा हात फिरवला की हाड कुठं टोचन, कातडी कुठं सोलन, हे तो न मोजता सांगे. गुडघ्याखालून पाय गेला असन तं तो म्हणे, हा माणूस अर्धा वाचला. गुडघा गेला त्याचं काम खरं कठीण. दर पावलाले अंगाचं सारं वजन एका परक्या गुडघ्यावर टाकाचं, अन् तो दुमडणार नाही यावर भरोसा ठेवाचा. तुम्ही-आम्ही गुडघ्याचा विचार करतो का कधी? त्या लोकायले दर पावलाले करावा लागते.

बाहेरचे चांगले गुडघे आमच्या लोकायच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून यानं स्वतःच बनवाले घेतला. नायलॉनचे ठोकळे लेथवर कापून आणे, चार कड्या एकमेकीत बसवे. उभं असताना घट्ट राहाले पाहिजे, पाऊल उचललं की दुमडला पाहिजे, अन् खाली मांडी घालून बसता आलं पाहिजे. हे तिन्ही एकाच गुडघ्यात. आठ वर्षं तो त्याच्या मागं होता. बायको म्हणे, "याले गुडघ्यासंगच लग्न करू द्याचं होतं." स्वतःचा चांगला पाय मागं दुमडून पट्ट्यानं बांधे, खाली नवा गुडघा लावे अन् व्हरांड्यात बगळ्यासारखा चाले. किती वेळा तोंडावर आपटला, गिनती नाही. मी हळद लावून देऊ अन् वरून शिव्याही देऊ. तो म्हणे, "मी पडलो तं बरं आहे बाई, दुसरा नाही पडणार."

अन् खरंच दुसरा नाही पडला. सतरा लोक चालले त्याच्या गुडघ्यावर. सतरा!

आता माझ्या एका सवयीचं सांगतो, कारण सारं तिथूनच बिघडलं. आमच्याकडे चालून पाहाची एक खोली आहे. मध्ये धराले दोन दांड्या, समोर मोठा आरसा, अन् भिंतीवर बुद्धाची अन् बाबासाहेबाची तसबीर. रोज सकाळी प्रेमानंद तिथं फुलं वाहे. त्या खोलीत जोडे-चपला नाही, असा माझा कायदा. तसबीर होती म्हणून, अन् प्लास्टरची माती पायानं घरभर होते म्हणूनही. डॉक्टर आला तरी मी दारात आडवी होऊ. सारे मले हवालदारीण म्हणत. म्हणा. फरशी माझी होती.

फक्त शेवटल्या फिटिंगले तो कायदा मोडे. पाय दुरुस्त करून झाला की प्रेमानंद स्वतः बाहेर जाये, पेशंटचे जोडे आणे, फडक्यानं तळवे पुसे, अन् दोन्ही पायात चढवून मंग शेवटचे स्क्रू कसे. मी कुरकुर केली की तो समजावून सांगे. टाच बोटभर जरी उचलली, तरी पूर्ण पाय पुढं झुकते. वजन गुडघ्याच्या मागं पडते. अन् वजन मागं पडलं की गुडघा दुमडलाच म्हणून समजा. अनवाणी बसवलेला पाय अनवाणीच चालते. टाचेच्या जोड्यात चालाचा असन तं जोडा घालूनच बसवावा लागते. मले हे सारं पाठ होतं. म्हणून तं मले माफी नाही.

रोशनी खापा गावची. बावीस वर्षांची पोट्टी, मोठमोठे डोळे, बोलाले एकदम हळू. कॉलेजात जाताना स्कूटीले टिप्परनं उडवलं, उजवा पाय मांडीतून गेला. माय तुळसाबाई तिले घेऊन आली तेव्हा पोरगी दोन कुबड्यांवर होती अन् खाली मान घालून बसे. बाप नाही. माय लोकाच्या घरी पोळ्या लाटे. प्रेमानंदनं तिचं माप घेतलं अन् विचारलं, "काय घालशील बेटा पायात?" ती म्हणाली, "चपलाच, काका." तेव्हा ते खरंच होतं. तेव्हा तिले कुठं जाचंच नव्हतं.

मंग महिन्याभरात तिच्या मावशीनं सीताबर्डीच्या एका कपड्याच्या दुकानात तिचं काम जमवलं. मालकानं साफ सांगतलं, काठी-कुबडी चालणार नाही, गिऱ्हाईक पाहते. चालता येत असन तं सोमवारपासून ये, नाही तं दुसरी पोरगी आहेच. रोशनीले हे काम म्हणजे सारं काही होतं. पहिल्यांदा मी तिले हसताना पाह्यलं ते तेव्हा. प्रेमानंदले म्हणाली, "काका, काठीशिवाय होईन नं?" तो म्हणाला, "होईन म्हणजे? धावशील!"

शेवटल्या फिटिंगचा दिवस शुक्रवार. अन् त्याच दिवशी ट्रस्टचे मोठे लोक बाहेरगावचे पाहुणे घेऊन येणार होते, खास प्रेमानंदचा गुडघा पाहाले. त्यायले पटला असता तं तो गुडघा गावोगावच्या सेंटरमध्ये जाणार होता. प्रेमानंद सकाळपासून वेड्यासारखा करून राहिला होता. एक स्क्रू तीनदा कसे. मी सकाळी दोनदा पोछा मारला, जोड्यांची फळी उचलून मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेली, पाहुण्याच्या नजरेले चपलांचा ढीग नको म्हणून.

रोशनी अकरा वाजता आली. एका पायात रबराची सपाट चप्पल, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "पिशवी शेडात ठेव वं."

"मावशी, याच्यात माझे..."

"कोणी चोरत नाही तुझं काही! ठेव अन् चल लवकर, पाहुणे येऊन राहिले."

पोरगी खाप्याची, मोठ्याले उलटून बोलणं माहीत नाही. तिनं पिशवी ठेवली.

पाय लागला. प्रेमानंदनं ओळंबा धरला, मिस्त्री भिंतीले धरते तसा, कंबरेपासून टाचेपर्यंत. दोरी नीट पडली. मंग आतूनच हाक मारली, "देवकीबाई, पोरीचे जोडे आणा बरं."

माझ्या हातात पोछा. फरशी आताच वाळली होती. बारा वाजाले आले होते, पाहुण्यायची वेळ. मी जागची हललीही नाही. म्हटलं, "चपला आहेत गा भाऊ, सपाट. त्याच्यात काय पाहाचं?"

त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मंग घड्याळाकडे. म्हणाला, "बरं."

रोशनीनं तोंड उघडलं होतं. मी पाह्यलं. पण मी इतकी खेकसली होती की तिनं परत मिटलं.

पाहुण्यासमोर ती चालली. दांड्या सोडून, काठीशिवाय, आरशापर्यंत अन् वापस. मंग तिनं भिंतीले हात लावून हळूच खाली मांडी घातली अन् परत उठून उभी राहिली. पाहुण्यायनं टाळ्या वाजवल्या. तुळसाबाई पदर तोंडात धरून रडली. मीही रडली, खोटं काहून सांगू? प्रेमानंद मागच्या अंगाले गेला, नळ सोडून तोंड धूत बसला, कितीतरी वेळ.

जाताना तो रोशनीले म्हणाला, "पहिले पंधरा दिवस भीती वाटन. गुडघा ढिला वाटन. घाबराचं नाही, भरोसा ठेवाचा." हे तो साऱ्यायलेच सांगे. अन् ते खरंच होतं, एरवी.

सोमवारी ती कामावर गेली. दुकानाचा नियम होता, काळा पंजाबी ड्रेस अन् काळे जोडे. जोड्याले दीड इंच टाच. पिशवीत तेच होते. बुधवारी दुपारी वरच्या मजल्यावरून कपड्याचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना गुडघा दुमडला. पूर्ण अंग त्या उरलेल्या मांडीवर पडलं, अन् जांघेजवळचं हाड मोडलं.

आम्हाले शनिवारी समजलं. मी अन् प्रेमानंद दवाखान्यात गेलो. जिना चढताना तो म्हणत होता, कडी तुटली असन, नायलॉन खराब असन, मीच कापण्यात चुकलो असन. रोशनी खाटेवर पडली होती, तोंड सुजलेलं. आम्हाले पाहून रडाले लागली.

"काका, माझंच चुकलं. मले पहिल्या दिवसापासून गुडघा पुढं पळते असं वाटून राहिलं होतं. पण तुम्ही सांगतलं होतं नं, भीती वाटन म्हणून. म्हटलं भीतीच असन. मी अजून थोडं सांभाळून उतराले पाहिजे होतं."

खाटेखाली ते जोडे होते. प्रेमानंद वाकला, एक जोडा उचलला, टाचेले दोन बोटं लावून पाह्यली. मी त्याच्या बाजूलेच उभी होती. तिथंच, फरशीवर, तो खाली बसला. नर्स म्हणाली, "भाऊ, उठा, डॉक्टर येतील." तो उठेना. मीच त्याले धरून उठवलं.

बाहेर आलो. मी वाट पाहून राहिली होती. आता बोलन, आता बोलन. ऑटो भेटला नाही, आम्ही पैदल निघालो. अर्ध्या रस्त्यात मलेच राहावलं नाही. म्हटलं, "बोला नं गा! शिव्या द्या मले! मी म्हटलं नं सपाट आहे म्हणून!"

तो म्हणाला, "पाय मी बसवला देवकीबाई. मी पाहाले पाहिजे होतं." अन् चालाले लागला. बस. त्यानंतर आजपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. एवढं मोठं ओझं एकट्यानं उचलून नेलं अन् मले हातही लावू दिला नाही. अशा माणसाचा राग नाही येणार तं काय येणार?

रोशनीच्या जखमेत पू झाला. दोन ऑपरेशनं झाली, पू काही थांबला नाही. शेवटी उरलेली मांडीही काढली, खुब्यापासून. प्रेमानंदनं डॉक्टरले विचारलं, काही तरी लावता येईन का. डॉक्टर म्हणाले, "लावाल कशाले? धराले मांडीच नाही राहिली." कंबरेले बांधाचे पाय असतात म्हणे, पण ते आमच्याकडे कोणी बनवत नाही, अन् ते पेलून चालाले जे अंग लागते, तेही पोरीजवळ राहिलं नव्हतं. पस्तीस किलोची झाली होती ती.

चार महिन्यांनी तुळसाबाई सेंटरमध्ये आली. काखेत नवीन टॉवेलात गुंडाळलेला तो पाय. साबणानं धुतलेला, पट्टा पुसलेला.

"भाऊ," ती प्रेमानंदले म्हणाली, "पोरगी म्हंते, माय, हा घरी ठेवून काय करू. दुसऱ्या कोण्या पोरीच्या कामी पडन. म्हणून आणला."

आता हे ज्याले माहीत नाही त्याले सांगतो. मांडी जिच्यात बसते ती प्लास्टिकची खोळ ज्याच्या त्याच्या अंगाची असते. रोशनीच्या मांडीचा साचा काढून ती केली होती. जगात दुसऱ्या कोणाच्या मांडीले ती होणारच नाही. अन् जिच्या मांडीले झाली, तिले मांडी नाही.

प्रेमानंदनं पाय घेतला, टेबलावर ठेवला. मंग हात जोडले. म्हणाला, "तुळसाबाई, पोरगी तिच्या चुकीनं नाही पडली. माझ्या चुकीनं पडली. मी पाय अनवाणी बसवला, तिनं टाचेचा जोडा घातला. म्हणून गुडघा दुमडला. हे तिले सांगा. तिचं काहीच चुकलं नाही."

तुळसाबाईनं मान हलवली. मंग म्हणाली, "जोड्यानं कोणी पडते का भाऊ? एवढ्या पोरी टाचेचे जोडे घालून फिरतात. तुम्ही उगाच मनाले लावून घेतलं."

त्यानं परत सांगतलं. हाताचं कोपर दुमडून दाखवलं, टाच कशी उचलते, वजन कुठं जाते. तिसऱ्यांदा सांगतलं. ती नाही नाहीच म्हणे. "तुमच्यासारख्या माणसाच्या हातून चूक होत नसते भाऊ. तुम्ही नसते तं माझी पोरगी तीन दिवसही चालली नसती. ते तीन दिवस ती रोज आठवते." उलट तिनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी दारात उभी होती. एक वाक्य बोलाचं होतं मले. यानं जोडे मागतले होते, मी आणले नाही. एवढंच. एवढं बोलली असती तं तिले पटलं असतं, अन् त्याचा भारही हलका झाला असता. प्रेमानंदनं माझ्याकडे पाह्यलंही नाही. पाह्यलं असतं तं कदाचित बोलली असती.

तुळसाबाई उठताना म्हणाली, "मंग कोणाले देता हा पाय?"

प्रेमानंदनं टॉवेल पायावर परत ओढला. मंग म्हणाला, "उमरेडची एक पोरगी आहे." एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून खोटं ऐकलं ते पहिल्यांदा. तिचा चेहरा असा उजळला की मले पाहावलं नाही. जाता जाता तिनं माझे दोन्ही हात धरले अन् म्हणाली, "तुम्हीही किती केलं वं बाई माझ्या पोरीसाठी." मी तेही ऐकून घेतलं.

त्या महिन्याच्या शेवटी प्रेमानंदनं काम सोडलं. ट्रस्टच्या लोकायनं समजावलं, मी समजावलं, त्याची बायको येऊन रडली. पाहुण्यायची चिठ्ठी आली होती, गुडघा पसंत पडला, नकाशे पाठवा. त्यानं नकाशे दिलेच नाही. आता तो शहराबाहेर वाडीकडे एका लेथच्या दुकानात लोखंडी गेटाचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, बनवते. मी एकदा भेटाले गेली तं चहा पाजला, माझ्या पोराची चौकशी केली, हसला सुद्धा. सेंटरमध्ये आता केयूर नावाचा शिकलेला पोरगा आहे, चांगला आहे, पण प्रेमानंदचा गुडघा त्याले खोलताही येत नाही. त्या सतरा लोकायच्या कड्या झिजाले लागल्या. एक एक करून येतात. मी त्यायले कुबड्या देऊन वापस पाठवतो.

तुळसाबाई मात्र दर महिन्याले येते. नागपुरातून औषधं नेते, जाताना माझ्याकडे डोकावते. पहिल्यांदा आली तं प्रेमानंद नव्हता. तिनं मलेच विचारलं, "ती उमरेडची पोरगी चालते का वं?"

मी काय म्हणू? म्हटलं, "चालते."

दुसऱ्या महिन्यात म्हणाली, रोशनीनं नाव विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, मेघा. तिसऱ्या महिन्यात मेघा काठीशिवाय चालाले लागली. मंग मेघाले काम लागलं. मंग ती बसनं एकटी जाऊ लागली. मीच सांगतो सारं. दर वेळी ठरवतो, आज खरं सांगून टाकाचं, अन् ती दारात दिसली की परत मेघा दोन पावलं पुढं गेली असते.

परवा तुळसाबाई आली. बसली, पाणी पिली. म्हणाली, "रोशनी खाटेवरून उठत नाही वं. भिंतीकडे तोंड करून पडली राहते. दोन घास खाते तं खाते. पण मी मेघाचं सांगाले लागली की ती उठून बसते, डबल डबल विचारते. तिनं मेघासाठी एक ओढणी विणून ठेवली. म्हंते, माय, एकदा तिले घरी आण, मले पाहाचं आहे माझा पाय कसा चालते तो. एवढं पाह्यलं की मंग काही मागणार नाही म्हंते." अन् माझा हात धरून म्हणाली, "आणसान नं वं बाई तिले खाप्याले? कधी आणता?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आणतो."